पुण्याजवळचा कातळ, आणि बर्फाचं काय? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाऊस उघडला की दर ऑक्टोबरला हेच प्रश्न येतात. काही फोनवर, काही सिंहगडाच्या वाटेवर ताक पिताना, आणि एकदा तर एका मुंजीत, जिलबीचं ताट घेतलेला माणूस आग्रहाला समोर उभा असताना. तीच तीच उत्तरं द्यायचा कंटाळा आला म्हणून एकदाची लिहून काढली. मी कुठला मान्यताप्राप्त प्रशिक्षक नाही, पंचवीसेक वर्षं सुट्टीच्या दिवशी दोर वाहणारा माणूस आहे. त्यामुळे काही उत्तरं वाजवीपेक्षा लांबली आहेत आणि काही एका ओळीत आटोपली आहेत.

पुण्याजवळ कातळावर चढायला लोक जातात तरी कुठे?

सगळ्यात जवळ सिंहगड, शहरापासून तीसेक किलोमीटर. गडाच्या अंगाखांद्यावर लहानमोठे कातळटप्पे आहेत आणि पुण्यातल्या कित्येकांचा पहिला दोर तिथेच बांधला गेला. हाताची बोटं सोलवटून घ्यायला आणि गाठी पक्क्या करायला ही जागा उत्तम. दुपारी पिठलं-भाकरी मिळते, हा फायदा हिमालयातही नाही.

लोणावळ्याच्या बाजूला नागफणी. साहेबाला त्यात वेलिंग्टनच्या ड्यूकचं नाक दिसलं, आपल्या लोकांना नागाचा फणा. पाहणाऱ्याची नजर! कुरवंडे गावातून माथ्यावर चालत जाता येतं, त्यामुळे रॅपलिंग (दोराला धरून कडा उतरणं) आणि दरी ओलांडण्याचे कार्यक्रम तिथे सतत चालू असतात. चढाई करणारे मात्र कड्याच्या अंगाने येतात, आणि ते काम वेगळं.

तैलबैला लांबून पाहिला की डोंगरावर कुणी दोन पाट उभे करून ठेवल्यासारखा वाटतो. शेजारी शेजारी दोन कातळभिंती, मधल्या खिंडीत भैरवनाथाचं ठाणं. खिंडीपर्यंत कुणीही जावं. भिंतीला हात लावायचा तर दोर, सोबती आणि अनुभव, तिन्ही हवेत.

कामशेतहून जांभिवलीकडे गेलं की ढाक बहिरी. गुहेकडे जाणारी वाट कड्याला चिकटून आडवी जाते, शेवटी खोबण्या, लोंबता दोर आणि लाकडाच्या आधाराने वर चढायचं. शेजारीच कळकराईचा सुळका. ढाकला लोक ‘ट्रेक’ म्हणतात. मी त्याला दोराशिवाय न जायची जागा म्हणतो. या एका वाक्यावरून माझे दोन मित्र माझ्याशी बोलेनासे झाले होते, आता बोलतात.

जुन्नरकडे नाणेघाटाच्या तोंडाशी जीवधन, आणि त्याला खेटून वानरलिंगी ऊर्फ खडा पारशी. साडेतीनशे फुटांच्या घरात उंचीचा हा सुळका घाटघर गावातून पाहिला तर माणूस आधी गप्प होतो आणि मग ‘यावर चढतात?’ असं विचारतो. चढतात.

आणि लिंगाणा. तोरणा आणि रायगड यांच्या मध्ये उभा असलेला हा किल्ला शिवकाळात कैद्यांना ठेवायला वापरला जायचा. पुण्याहून जाणारे वेल्ह्यावरून मोहरी गाठतात आणि बोराट्याच्या नाळेने, म्हणजे डोंगराच्या अरुंद घळीतून, उतरतात. चढायची इच्छा नसेल तरी रायलिंगच्या पठारावर जाऊन समोरून लिंगाणा पाहून यावा. तेवढ्यासाठीसुद्धा पेट्रोल जाळायला हरकत नाही.

बर्फावरची चढाई पुण्याजवळ कुठे करता येईल?

कुठेही नाही. पुण्यातलं नोंदलेलं नीचांकी तापमान १.७ अंश सेल्सिअस, तेही १७ जानेवारी १९३५ ची गोष्ट. गोठलेला धबधबा चढायचा तर तापमान आठवडेच्या आठवडे शून्याखाली राहावं लागतं, पाणी थेंबाथेंबाने झिरपत थरावर थर चढावा लागतो. आपल्याकडे महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवाचे हिमकण दिसले की पेपरात फोटो छापून येतो, यावरून काय ते समजा.

भारतात गोठलेले धबधबे चढायचे तर स्पिती नाहीतर लडाख, आणि तेही जानेवारी-फेब्रुवारीत. हिमनदीवरचा बर्फ हा आणखी वेगळा प्रकार. तो गिर्यारोहण संस्थांच्या अभ्यासक्रमांत शिकायला मिळतो. त्याबद्दल पुढे सविस्तर सांगितलं आहे, कारण हा प्रश्न विचारणारे थट्टा करत नसतात असं हळूहळू माझ्या लक्षात आलं.

मी दर रविवारी सिंहगड पाऊण तासात चढतो. मला प्रस्तरारोहण सहज जमेल ना?

दम चांगला असेल. बाकी काही सांगता येत नाही. सिंहगड पायांनी चढतात, कातळही खरं तर पायांनीच चढतात, पण नवा माणूस हातांनी चढतो. दोन्ही हात वर ताणून, पोट कातळाला चिकटवून, पाय कुठे आहेत ते न बघता. दहाव्या मिनिटाला त्याच्या कोपरापासून मनगटापर्यंत असा गोळा येतो की बाटलीचं झाकणही उघडत नाही. दमदार माणसांचं हे जास्त होतं, कारण जोर आहे म्हणून ते जोर लावत राहतात. आमच्या गटात पहिल्याच दिवशी सगळ्यात सुबक चढलेली व्यक्ती एक भरतनाट्यम शिकणारी मुलगी होती. पाय कुठे ठेवायचा हे तिला आधीपासून ठाऊक होतं.

आपला कातळ इतका अवघड का म्हणतात? बदामीला तर लोक मजेत चढतात.

बदामीचा दगड वालुकाश्म, हंपीचा ग्रॅनाइट, आपला बसाल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरावर थर वाहत आले आणि त्यातून दख्खनचं पठार झालं. सह्याद्रीच्या कुठल्याही कड्याकडे नीट पाहिलं तर हे थर पायऱ्यांसारखे दिसतात. आता गोम अशी की हे थर सगळे एकसारखे नाहीत. एक थर काळाकभिन्न, घट्ट, हातोडी मारली तर खणखणीत वाजणारा. त्याच्यावरचा थर वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला, ठिसूळ. दोन थरांच्या मध्ये कधी लाल मातीचा पट्टा. त्या पट्ट्यावर गवत वाढतं, गवताखाली घसारा असतो, आणि छान चाललेली चढाई तिथे अचानक शेतात पोचते.

म्हणून आपल्याकडे कातळ वाचायला शिकावं लागतं. पकड दिसली की आधी मूठ वळून त्यावर ठोकायची. घट्ट दगड ‘टक्’ करतो, सुटलेला ‘बद्द’ वाजतो. बद्द वाजला तर त्याला बाहेरच्या बाजूला ओढायचं नाही. फार तर खालच्या दिशेने दाबून वापरायचा, आणि शक्यतो सोडूनच द्यायचा. तैलबैल्यावर एकदा मी ही ठोकाठोकी केली नाही. पाट्यावरच्या वरवंट्याएवढा दगड हातात आला, मी तो छातीशी धरून ‘दगड! दगड!’ असं ओरडत उभा. खाली बिले देणारा, म्हणजे माझा दोर सांभाळणारा मित्र भिंतीला पाठ लावून बाजूला सरकला, मग मी तो रिकाम्या बाजूला सोडला. किती वेळ गेला असेल? वीस सेकंद. हेल्मेटबद्दल माझ्याशी कुणी वाद घालत नाही त्याचं कारण हे.

जाता जाता: या सच्छिद्र बसाल्टच्या पोकळ्यांमध्येच झिओलाइट नावाच्या खनिजांचे स्फटिक तयार होतात. त्यांच्याच सोबतीने सापडणारा, वाघोलीच्या खाणींतला निळा कॅव्हनसाइट जगभरातले संग्राहक ओळखतात. चढताना एखाद्या भोकात चकाकलं तर ते बहुधा असलंच काही. फोडून घरी आणू नका.

हंगाम कोणता?

ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारी. ऑक्टोबरात कातळ वाळलेला दिसतो, पण कोपऱ्यांत शेवाळ असतं आणि दुपारनंतर गडगडाटी पाऊस येऊ शकतो. मार्चपासून दगड तापतो, अकरानंतर हात ठेववत नाही. मेमध्ये वळवाच्या विजा. सुळका हा आजूबाजूच्या मुलखातला सगळ्यात उंच खुंट असतो, विजेच्या वेळी तिथे असण्यासारखा मूर्खपणा नाही. जून ते सप्टेंबर कातळ बंद. या दिवसांत धबधब्यातलं रॅपलिंग जोरात चालतं. वरच्या अंगाला पाऊस झाला तर ओढा बघता बघता फुगतो, एवढं लक्षात ठेवा.

अमुक सुळक्याला पैसे भरून नेतात, सगळं साहित्य देतात, पूर्वानुभव लागत नाही असं लिहिलंय. जाऊ का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून जरा बसून बोलू.

अशा कार्यक्रमांत होतं असं. दोघं-तिघं कसलेली माणसं आधी चढून दोर लावतात. मग वीस-पंचवीस जणांना त्या दोराला अडकवून, जुमारच्या (दोरावर वर सरकणारी पण खाली न घसरणारी पकड) आधाराने किंवा वरून ओढून, माथ्यावर नेतात. फोटो निघतात, घोषणा होतात, रॅपलिंग करून सगळे खाली. यात आनंद आहे, मी तो नाकारत नाही. माझ्या सख्ख्या भाच्याने असाच सुळका केला आणि घरी पेढे वाटले. पण त्याला त्या दिवशी गाठ कुणी शिकवली नव्हती, आणि आपण कशावर लटकलो होतो हे त्याला आजही सांगता येत नाही.

तरीही जायचं असेल तर आधी काही गोष्टी विचारा. किती माणसांमागे किती प्रशिक्षक आहेत? ते कुठून शिकले? राज्याच्या साहसी पर्यटन धोरणाखाली (हे धोरण २०२१ चं) नोंदणी आहे का? प्रथमोपचार येणारं कोण आहे, जखमीला खाली कसं आणणार, जवळचं रुग्णालय कोणतं? या प्रश्नांची उत्तरं न अडखळता आली तर चांगलं. ‘काळजी करू नका हो, आजवर काही झालं नाही’ असं आलं तर पैसे खिशात ठेवा.

एका आयोजकाबरोबर मी स्वतः, एका नातेवाइकाच्या हट्टापायी, गेलो होतो. नाव सांगत नाही. तिथे पंचवीस माणसांचा भार ज्या अँकरवर, म्हणजे दोर बांधायच्या जागेवर, होता तो कातळात ठोकलेल्या एकाच बोल्टवर बांधलेला. मी विचारलं तर ‘काका, हा हत्तीला पेलेल’. असेल. पण बोल्ट गंजतो, कातळ फुटतो, आणि हत्तीला कुणी विचारलेलं नसतं. अँकर नेहमी दोन किंवा अधिक स्वतंत्र आधारांवर, भार वाटला जाईल असा, आणि एक सुटला तर दुसऱ्यावर झटका येणार नाही असा. हे तपासायला तज्ज्ञ असायची गरज नाही, मोजता येत असलं की झालं.

मग शिकायचं कुठे?

पुण्याला गिर्यारोहण संस्थांची जुनी परंपरा आहे. गिरीप्रेमी ही संस्था १९८२ पासूनची, तिची नागरी एव्हरेस्ट मोहीम २०१२ मध्ये यशस्वी झाली, पुढे २०१९ मध्ये कांचनजुंगाही झालं. त्यांच्याशी संलग्न प्रशिक्षण संस्था पुण्यात आहे. इतरही गट आहेत, अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघाशी जोडलेल्या संस्थांकडे चौकशी केली तर तुमच्या भागातला गट सापडतो. प्राथमिक प्रस्तरारोहण शिबिर काही दिवसांचं असतं. ते संपलं की खरं शिक्षण सुरू होतं, म्हणजे कुणाच्या तरी मागे वर्षभर सेकंड म्हणून, दोरावर दुसऱ्या क्रमांकाने चढायचं, पिटॉन (भेगेत ठोकलेले लोखंडी खिळे) काढायचे, दोर गुंडाळायचा, सॅक वाहायची. हा भाग कुठल्या प्रमाणपत्रावर येत नाही.

शहरातल्या कृत्रिम भिंतीवर सराव केला तर चालेल?

चालेल काय, जरूर करा. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये अशा भिंती आहेत. पावसाळा तिथेच काढायचा. फक्त एक सवय मोडावी लागते: भिंतीवरच्या रंगीत पकडी तुटत नाहीत, त्यामुळे हात बेफिकीर होतो. कातळावर तोच हात घात करतो.

साहित्य काय काय घ्यावं?

पहिल्या वर्षी हेल्मेट आणि चढाईचे बूट. बाकी संस्थेचं वापरा. बूट दुकानात जाऊन घाला, बोटं थोडी दुमडली पाहिजेत पण डोळ्यांत पाणी यायला नको. नंतर हार्नेस (कमरेला आणि मांड्यांना बांधायचा पट्टा), दोन-तीन लॉकवाले कॅराबिनर (उघडझाप होणाऱ्या धातूच्या कड्या), बिलेचं उपकरण, चॉकची म्हणजे हाताचा घाम टिपणाऱ्या पुडीची पिशवी.

कॅराबिनरच्या अंगावर आकडे कोरलेले असतात. लांबीच्या दिशेने किमान २० किलोन्यूटन, म्हणजे ढोबळ मानाने दोन टनांचा भार. तोंड उघडं राहिलं तर हीच ताकद सातच्या आसपास उतरते. म्हणून लॉक फिरवलं की बोटाने दाबून पाहायचं, रोज, प्रत्येक वेळी. किल्लीला लावायला मिळतो तो चिनी कॅराबिनर किल्लीलाच शोभतो.

डायनॅमिक आणि स्टॅटिक दोरात फरक काय? दोन्ही जाडच तर दिसतात.

फरक जिवाचा आहे. डायनॅमिक दोर ताणला जातो आणि पडणाऱ्याचा झटका गिळतो. स्टॅटिक फारसा ताणत नाही, तो रॅपलिंगला, जुमारिंगला, सामान ओढायला. समजा लीड करणारा, म्हणजे सगळ्यात पुढे चढणारा, दोर अडकवलेल्या शेवटच्या आधारापासून दोन मीटर वर गेला आहे आणि त्याचा हात सुटला. आधारापर्यंत दोन आणि त्याखाली आणखी दोन, असा तो किमान चार मीटर पडणार, वर दोराचा ताण आणि ढील वेगळी. डायनॅमिक दोरावर हा माणूस शिवी हासडून पुन्हा चढायला लागतो. स्टॅटिकवर तोच झटका थेट त्याच्या कमरेत, बोल्टमध्ये आणि बिलेवाल्याच्या हातात येतो. स्टॅटिक दोरावर लीड करायचं नाही, कितीही सोपा टप्पा असला तरी.

मित्राकडे जुना दोर पडून आहे, वापरू का?

नको. कपडे वाळत घाला त्यावर. ज्या दोराचा इतिहास माहीत नाही, तो दोर नव्हेच.

मला उंचीची भीती वाटते. जमेल का?

सह्याद्रीत फिरणाऱ्यांनी यासाठी एक नेमका शब्द काढला आहे, दृष्टिभय. पाय ठेवायला जागा ऐसपैस असते, पण डोळ्यांना खालची दरी दिसते आणि गुडघ्यांत पाणी होतं. हे सगळ्यांना होतं. न होणाऱ्यांबरोबर मी दोर बांधत नाही.

उपाय साधा आहे, पण वेळ लागतो. जमिनीपासून दहा फुटांवर मुद्दाम पडायचं, बिले देणाऱ्याच्या भरवशावर. दोर धरतो हे डोक्याला कितीही माहीत असलं तरी अंगाला पटायला पाच-सात वेळा पडावं लागतं. आणि हो, बिले देणारा नीट निवडा. त्याचा ब्रेकचा हात दोरावरून एक क्षणही सुटता कामा नये. माशी बसली तरी, फोन वाजला तरी, चहा आला तरी.

चढण्याआधी एकमेकांना तपासायचं, तेही हात लावून. आठची गाठ पूर्ण परत फिरली आहे का, हार्नेसचा पट्टा बकलातून परत उलटा फिरवून घेतला आहे का, कॅराबिनर लॉक आहे का. एकदा नागफणीवर माझी गाठ अर्धीच होती. गप्पांच्या नादात पहिला आठ पाडला आणि दोर हार्नेसमधून परत फिरवायचाच राहिला. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान जोडीदाराने गाठीला बोट लावलं आणि म्हणाला, ‘दादा, हे काय?’ त्या दिवसापासून मला तपासताना कुणी हसलेलं चालत नाही.

उतरणं सोपंच असतं ना?

हिरकणीची गोष्ट आठवा. रायगडाचे दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ, आणि ती बाई रात्री कडा उतरून गेली. चढणाऱ्यांच्या गोष्टी पुष्कळ आहेत. उतरणारीचा मात्र बुरूज बांधला गेला, आणि तो योग्य बांधला गेला असं कुणीही चढाई करणारा सांगेल. उतरताना पाय दिसत नाही, अंग दमलेलं असतं, उन्हं कललेली असतात आणि मन आधीच गाडीत जाऊन बसलेलं असतं. रॅपलिंगमध्ये दोराच्या टोकाला गाठ मारायला विसरणं ही जगभरातली जुनी चूक आहे. दोर संपतो आणि माणूस त्यातून निसटतो. दोन्ही टोकांना गाठ, मगच दोर खाली.

आग्या मोहोळाचा धोका खरंच असतो का?

दगड पडण्याइतकाच खरा. ओव्हरहँगच्या (बाहेर झुकलेल्या कातळाच्या) खाली काळे अर्धगोल लोंबताना दिसले तर त्या बाजूला मार्गच धरायचा नाही. अत्तर, डिओ, धूर, आरडाओरडा, ड्रोन, सगळं टाळायचं. जमिनीवर माणूस पळू शकतो, दोरावर अडकलेला पळू शकत नाही. आमची एक मोहीम आम्ही तळातूनच गुंडाळली, कारण वरच्या टप्प्याशेजारी पाच पोळी होती. डबे खाल्ले, परत आलो. गावातल्या मावशी म्हणाल्या, ‘बरं केलंत. गेल्या साली गुरं बी पळाली होती.’ निघण्याआधी गावात विचारणं हा सगळ्यात स्वस्त विमा.

विम्यावरून आठवलं, तुमच्या आरोग्य विम्यात साहसी खेळ वगळलेले नाहीत ना, ते वाचून घ्या.

परवानगी लागते का? स्वतः बोल्ट मारले तर?

जागेवर अवलंबून. वनखात्याची हद्द असेल तर त्यांची, गड संरक्षित असेल तर पुरातत्त्वाची, आणि कागदावर नसली तरी गावाची. ताम्हिणी आणि भीमाशंकर ही अभयारण्यं आहेत, तिथे मनात आलं म्हणून दोर टाकता येत नाही. शिवनेरी, लोहगड, राजगड ही नावं २०२५ च्या जुलैत युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली. तिथल्या तटाला किंवा कोरीव कातळाला खिळा मारणं हा गुन्हा तर आहेच, करंटेपणाही आहे. लेण्यांच्या दर्शनी भागाबद्दलही तेच.

उघड्या सुळक्यावरही नवे बोल्ट मारण्याआधी आधी चढलेल्यांना विचारावं. जुन्या लोकांनी जो टप्पा भेगेतल्या दोन पिटॉनवर काढला, तिथे शिडीसारखे बोल्ट ठोकून आपण काय मिळवलं? गिधाडं आणि ससाणे कड्यांच्या कपारीत घरटी करतात. पांढऱ्या विष्ठेचे ओघळ ताजे दिसले तर मार्ग बदला.

तानाजी घोरपडीला दोर बांधून चढला, हे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे का?

नाही. घोरपड पाच-सात किलोंचा प्राणी, तिच्या आधारावर माणूस लटकत नाही. पोवाड्यातली यशवंती घोरपड पोवाड्यातच शोभते. पण ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री डोणागिरीच्या कड्याने मावळे वर गेले, याचं आश्चर्य घोरपड काढून टाकली तर वाढतंच. पट्टीचे एक-दोन गडी हातापायांच्या बळावर पुढे गेले असणार, वरून दोर सोडला असणार आणि मागचे त्यावरून आले असणार. म्हणजे लीड आणि फिक्स रोप (मागच्यांसाठी वर बांधून ठेवलेला दोर). अंधारात, थंडीत, शस्त्रांसकट, आणि वर शत्रू. तो कडा एकदा दिवसाउजेडी खालून निरखून पाहाच.

घोरपड पकडून प्रयोग करण्याचा विचार असेल तर, ती वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणात आहे.

मुलांना कितव्या वर्षी न्यावं?

हार्नेस अंगात नीट बसला की. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना वरून दोर लावून लहान कातळावर मजा येते. जबरदस्ती करायची नाही, रडवेलं झालं की खाली घ्यायचं, आणि इतर मुलांशी तुलना तर मुळीच करायची नाही. शाळेत होते तेवढी पुरे.

अपघात झाला तर?

आधी स्वतःला आणि उरलेल्यांना अँकरला बांधा. जखमीकडे धावताना दुसरा पडल्याची उदाहरणं आहेत. मग ११२ किंवा १०८. डोंगरातून माणूस काढायचं काम करणारी स्वयंसेवकांची फळी आपल्या राज्यात आहे: महाराष्ट्र माउंटेनीअर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटर गरजेनुसार जवळच्या पथकाला कळवतं, लोणावळा भागात शिवदुर्ग मित्रचे लोक कितीतरी वर्षं हे करत आले आहेत. त्यांचे क्रमांक घरूनच फोनमध्ये घालून निघा, कारण नाळेत रेंज येईलच असं नाही. फोन लागला तर गाव, डोंगराची कोणती बाजू, किती उंचीवर, जखमी शुद्धीवर आहे का, एवढं थोडक्यात सांगा. आणि जखमी घसरला-पडला असेल तर मानेला हिसका देऊन उठवून बसवू नका, पाणी पाजायची घाई करू नका.

मला शेवटी बर्फावरच जायचंय. पुण्यात राहून काय तयारी करू?

बरीच होते. दोराचं सगळं काम, म्हणजे गाठी, बिले, अँकर, रॅपलिंग, जुमारिंग, इथे पक्कं करा. तिथे उणे पंधरात जाड हातमोजे घालून तीच गाठ मारावी लागते, तेव्हा ती बोटांना पाठ हवी. आम्ही बागकामाचे जाड मोजे घालून, डोळे मिटून गाठी मारायचो. घरचे हसायचे.

पिंडऱ्या तयार करा. क्रॅम्पॉनच्या (बर्फासाठी बुटाला लावायच्या दातेरी पट्ट्यांच्या) पुढच्या दोन दातांवर उभं राहणं म्हणजे जिन्याच्या पायरीवर फक्त चवड्यांवर तासभर उभं राहणं. पाठीवर दहा-बारा किलो घेऊन सिंहगड चढा. पायथ्यापासून साधारण सहाशे मीटरची ती चढण याला झकास आहे. आइस ॲक्स (बर्फात रोवायची कुऱ्हाड) मात्र आपल्या कातळावर चालवू नका. दगडावर ओरखडे पडतात, आणि ते पुढची पिढी बघते.

एक गोष्ट इथे मिळत नाही, ती म्हणजे उंची. कळसूबाई राज्यातलं सगळ्यात उंच शिखर, ते १,६४६ मीटर. लेह ३,५०० मीटरवर आहे. विरळ हवेची सवय फक्त विरळ हवेतच होते, त्यामुळे तिथे गेल्यावर पहिले दिवस निवांत काढायचे. विमानातून उतरून दुसऱ्या दिवशी धबधब्यावर जाणारा पुणेकर मी पाहिला आहे. तिसऱ्या दिवशी तो ऑक्सिजन लावून झोपला होता.

शिकायला दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनीअरिंग इन्स्टिट्यूट (१९५४), उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था (१९६५), मनाली आणि पहलगाम इथल्या संस्था. बेसिक कोर्स चारेक आठवड्यांचा असतो, त्यात कातळ, घट्ट बर्फ आणि भुसभुशीत हिम तिन्ही येतात. जागा महिनोन् महिने आधी भरतात, तेव्हा आज अर्ज केला तर पुढच्या वर्षीचा विचार करा आणि साहेबाला रजेचं आतापासून सांगून ठेवा.

एकट्याने चढलं तर?

नको.

सकाळी किती वाजता निघायचं?

तुम्हाला वाटतंय त्याच्या दोन तास आधी. आमचा नेम असा: लोणावळ्याकडे जायचं तर शिवाजीनगरहून पहाटेची लोकल, सिंहगडला उजाडायच्या आत पायथा. आधी तिथे जाऊन आलेल्याला विचारून कड्याची कोणती बाजू सकाळी सावलीत असते ते काढायचं, कारण पश्चिमेकडची भिंत दुपारी तव्यासारखी होते. माणशी तीन लिटर पाणी. डबा असा की एका हाताने खाता येईल, म्हणजे गूळपोळी किंवा पोळीचा रोल. भाजी रस्स्याची नको, एकदा ती दोरावर सांडली होती आणि महिनाभर त्या दोराला मुंग्या लागत होत्या. दोननंतर नवा टप्पा सुरू करायचा नाही. हेडलॅम्प प्रत्येकाकडे, मोबाइलची बॅटरी त्यात धरायची नाही. आणि निघताना घरी कागदावर लिहून ठेवायचं: कुठला डोंगर, कोण कोण, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं. आमच्याकडे तो कागद फ्रिजवर, दुधाच्या हिशेबाशेजारी असतो.